दुर्बिणीची तारीख

मूल झालं की नाही, ते मी सांगणार नाही. आधीच सांगून ठेवते. ज्यांना तेवढंच ऐकायचं असेल त्यांनी इथेच उतरून घ्यावं. आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या पोटाची चौकशी आजवर इतक्या जणांनी केली आहे की त्यात माझ्याकडून भर पडायला नको.

एक काळ असा होता की त्यांच्या पोटाची खडान्‌खडा माहिती अख्ख्या गल्लीला होती. इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं की त्यांची पाळी मागेपुढे होते. समोरच्या काकूंना ठाऊक होतं की एक नळी बंद आहे. डावी की उजवी यावरून त्यांचं आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंचं एकदा चक्क वाजलं. ही सगळी बातमी बाहेर जायची ती आमच्या सासूबाईंकडून. बाई वाईट नाहीत, पण तोंडात तीळ भिजत नाही. आणि काळजी म्हणून सांगितलं की चहाडीलासुद्धा मायेचा वास येतो.

जाऊबाई शहरातल्या बसवर कंडक्टर आहेत. डेपोत त्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात, म्हणून घरातही तेच नाव पडलं. ठेंगणा बांधा, खांद्याला चामड्याची पिशवी आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याचीही झोप उडावी. "आत सरका, आत जागा आहे! दारात लोंबकळून कुणाचं भलं झालंय?" एकदा एक धडधाकट गृहस्थ म्हाताऱ्यांच्या राखीव जागेवर बसून झोपेचं सोंग घेऊन होते. मास्तरांनी शेजारच्या आजींना मोठ्यांदा सांगितलं, "आजी, तुम्ही यांच्या मांडीवर बसा. त्यांना जाग आली की उठतील." गृहस्थ पुढच्या थांब्यालाच उतरले.

पण या बाईचा आवाज घराचा जिना चढला की निम्मा व्हायचा आणि दवाखान्याची पायरी चढला की पार बसायचा. याचा मला भयंकर राग यायचा. त्यांचा नाही, जिन्याचा आणि पायरीचा.

आमचा बर्फाचा कारखाना आहे. कारखाना खाली, घर वर. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात पत्र्याचे लांब डबे उभे सोडतात, डब्यातलं पाणी गोठलं की लादी बाहेर काढून भुशात आणि गोणपाटात गुंडाळतात आणि गाडीवर चढवतात. मासळीवाले, दूधवाले, औषधांची दुकानं, सगळे आमचे गिऱ्हाईक. सासरे होते तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "गारव्यात काही मरत नाही, नुसतं झोपतं." हे आमच्या घरचं ब्रह्मवाक्य. भाकरीचं पीठ असो, डोळ्यात घालायचे थेंब असोत नाहीतर कुणाच्या दागिन्याचं तुटलेलं लाखकाम, आमच्याकडची माणसं आधी ते गार जागी ठेवतात आणि मग विचार करतात.

हा कारखाना आता भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर चालवतात. माझे यजमान गाडी घेऊन बाहेर असतात. भाऊजी माणूस मवाळ. दोन्ही हातांनी लादी उचलतील, पण तोंडातून वाक्य उचलायचं म्हटलं की घाम फुटतो. लग्नाला वर्षं उलटली, मास्तरांची कूस उजवली नाही. माझं लग्न त्यांच्यानंतर झालं आणि मला लागोपाठ दोन मुलं झाली. तेव्हापासून घरात जो तो आम्हा दोघींना तराजूत घालून बघायला लागला. मास्तरांनी मात्र माझ्या मुलांना स्वतःच्या अंगाखांद्यावर वाढवलं. पोरं आजारी पडली की रजा त्या टाकायच्या.

मग सुरू झाल्या तपासण्या. अमुक दिवशी रक्त, तमुक दिवशी सोनोग्राफी. सोनोग्राफीला लघवी तुंबवून बसायचं असतं. ज्या बाईला ड्यूटीवर स्वच्छतागृह मिळावं म्हणून डेपोत भांडावं लागलं, तिलाच इथे पाणी पाजून पाजून बाकावर बसवायचे, आणि ओटीपोट फुटायला आलं की सांगायचे, "डॉक्टर जेवायला गेलेत." सोबतीला प्रत्येक वेळी मी. भाऊजी एकदाच आले होते, सगळ्यात पहिल्यांदा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साधं सांगितलं, "दोघांचीही तपासणी करू. यांची तर अगदी सोपी असते." भाऊजी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "त्या बाईला काही कळत नाही. माझा मुलगा दोन हातांनी लादी उचलतो." झालं, डॉक्टर बदलले. नवे डॉक्टर मोठे होते, त्यांच्या भिंतीवर बाळांचे फोटो होते आणि त्यांनी भाऊजींचा विषयसुद्धा काढला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर कोण ते शोधायचीच कुणाची तयारी नव्हती.

नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढतात, ती तपासणी मी विसरणार नाही. मला दाराबाहेर उभं केलं होतं. पडद्याआडून मास्तरांचा आवाज आला. अख्ख्या बसला ऐकू जाणारा आवाज, पण शब्द एकही नव्हता. मग नर्सचं ओरडणं. "ढिलं सोडा ना बाई! एवढं काय? मूल हवंय की नको?"

मी पडदा सारून आत गेले. मास्तर त्या लोखंडी टेबलावर मुठी आवळून, दात आवळून, अंगाचं लाकूड करून पडल्या होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. नर्सने मला बाहेर हाकललं. निकाल आला: एक नळी बंद. संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचला. दुसऱ्या दिवशी मास्तर ड्यूटीवर गेल्या. उभ्याने, दिवसभर.

त्यानंतर घरात त्यांच्यासाठी एकच शब्द रूढ झाला, दोष. "हिच्यात दोष आहे." पाहुण्यांसमोर, त्यांच्या हातून चहाचा कप घेता घेता.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं, दुर्बिणीतून पोटाची तपासणी. बेंबीशी छेद देऊन, दुर्बीण आत घालून बघायचं. पूर्ण भूल. तारीख ठरली. सासूबाईंनी गल्लीला कळवलं. मास्तर रजेचा अर्ज करून आल्या, जेवायला बसल्या आणि ताटाकडे बघत म्हणाल्या, "आधी यांची तपासणी. मग माझं पोट."

आवाज घरातला नव्हता, बसमधला होता. भाऊजींचा घास हातातच राहिला.

"काय म्हणालीस?" सासूबाई.

"आई, ऐकलंत तुम्ही. माझं रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्या झाल्या. यांचं एकदाही काही झालेलं नाही. ते झाल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही."

"पुरुषासारख्या पुरुषाला हातात डबी देऊन बसवणार? लाज नाही वाटत?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "आई, ताईंना किती वेळा टेबलावर निजवलं, तेव्हा कुठे गेली होती लाज?"

"तू गप्प बस. तुला दोन आहेत म्हणून तोंड सुटलंय."

दोन-चार दिवस घरात भांडीच काय ती बोलत होती. मग एका सकाळी भाऊजी कुणाला न सांगता लॅबमध्ये जाऊन डबी घेऊन आले. तिथे नमुना द्यायचा म्हणजे खोलीबाहेर माणसं बसलेली. ते त्यांना जमण्यातलं नव्हतं. घरून आणलात तरी चालेल म्हणाले होते. काउंटरवरचा माणूस आणखी काही सांगत होता म्हणे, पण भाऊजी तोवर रस्त्यावर पोचले होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटल्यावर ऐकून कोण घेतो?

रिपोर्ट आला. एकही शुक्रजंतू हलत नव्हता.

भाऊजी खाली कारखान्यात जाऊन बसले, जेवायला वर आले नाहीत. आणि सासूबाई? ज्या बाईंनी नळीचा रिपोर्ट आला तसा बाहेर वाटला होता, त्या म्हणाल्या, "लॅब चुकली. माणसंच आहेत ती, चुकायचीच. पुन्हा करायला सांगा. आणि कुणी बाहेर बोलायचं नाही." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माझ्या डोळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर येऊन बसली.

राग येतो तो याचाच, की लॅबचं खरंच चुकलेलं नव्हतं आणि तरी रिपोर्ट चुकीचा होता.

आम्ही तिघं मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी 'साहेबां'साठी खुर्ची आली, पंखा मोठा झाला, पाणी आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि मऊ आवाजात विचारलं, "घाबरू नका. नमुना घरून आणला होता ना? कसा आणलात?"

भाऊजींची मान पहिल्यांदा वर झाली. आपल्या कामाचं कुणी विचारलं की माणूस खुलतो. "अगदी व्यवस्थित आणला. बर्फात."

"कशात?"

"बर्फात. लादीचा कच्चा भाग टाकून दिला, मधल्या स्वच्छ भागाचा बारीक चुरा केला, डबीला टोचू नये म्हणून. भोवती भुसा, वरून गोणपाट. ऊन लागू दिलं नाही. लॅबच्या दारात सगळं काढलं आणि डबी पुसून दिली."

डॉक्टर चष्मा काढून हसायला लागले. नर्सही हसली, तीच नर्स. असा नमुना अंगाच्या उबेत, खिशात ठेवून, लगेच आणायचा असतो. बर्फात घातला तर सगळंच थिजणार. गारव्यात काही मरत नाही म्हणणाऱ्या सासऱ्यांचा मुलगा तो, दुसरं काय करणार? मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. इतक्या जपून त्यांनी आयुष्यात काही नेलं नसेल.

"हा रिपोर्ट धरायचाच नाही," डॉक्टर म्हणाले. "तपासणी कशी झाली तेही बघावं लागतं. पुन्हा करू, इथेच, आमच्या खोलीत. काही त्रास नाही."

मास्तर पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या नळीची तपासणी कशी झाली ते कुणी बघितलं का?"

"म्हणजे?"

"मी टेबलावर आखडले होते. लाकूड झाले होते. या बाई ओरडत होत्या," त्यांनी नर्सकडे बोट केलं. "आखडल्यामुळे नळी बंद दिसू शकते का?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "शकते. कधीकधी. म्हणूनच तर दुर्बिणीतून बघतोय ना."

"म्हणजे त्यांचं पुन्हा बघायचं ते डबीत, आणि माझं पुन्हा बघायचं ते पोट फाडून."

खोलीत कुणी हसलं नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाईची नळी मुळात उघडी असेल, ती फक्त भीतीने मिटली असेल, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि आम्हाला कुणी सांगायची तसदी घेतली नव्हती! 'दोष' हा शब्द त्या बाईने इतकी वर्षं कपातल्या साखरेसारखा ढवळून प्यायला होता.

दुसरी तपासणी नीट झाली. या वेळी जंतू हलत होते, पण थोडे, आणि तेही दमलेले. डॉक्टरांनी भाऊजींना आत नेऊन तपासलं. अंडकोशाच्या शिरा फुगल्या होत्या. छोटं ऑपरेशन, नंतर बरेचदा सुधारतं, म्हणाले. दुर्बिणीच्या दिवशीच त्याचेही सर्जन येतात, हवं तर नाव घालतो.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि नवा शब्द काढला. "कमी म्हणजे जरा अशक्तपणा आहे. दूध-तूप वाढवू. पुरुषाच्या अंगाला सुरी लावायची काही गरज नाही. त्यापेक्षा हिची दुर्बीण आधी करून घेऊ, तारीख ठरलेलीच आहे."

बघा. तिला होता तो दोष. त्याला आला तो अशक्तपणा. आणि अशक्तपणा एकाचा, तरी छेद दुसरीला! मी हातातला डाव असा आपटला की माझा धाकटा रडायला लागला. "आई, पायात काटा रुतला तर तुम्ही शेजाऱ्याचा पाय कोरता का हो?"

मास्तर एवढंच म्हणाल्या, "मी टेबलावर चढणार नाही." भाऊजी खाली मान घालून जिना उतरले. विचार करून सांगतो म्हणाले. दिवस जात राहिले, विचार संपेना. बाहेर अळीमिळी गुपचिळी, समोरच्या काकू मास्तरांना अजून विचारतच होत्या, "दुर्बिणीचं कधी गं?" आणि मास्तर उत्तर देत नव्हत्या. मी म्हटलं, "ताई, सांगून टाका ना काकूंना, कुणात काय आहे ते!" त्या म्हणाल्या, "माझं जे केलं, तेच मी त्यांचं करू? त्यांचं त्यांनी बोलावं. पण टेबलावर मी जाणार नाही, मग घर सोडायला लागलं तरी चालेल." घर सोडायची भाषा त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकली.

पुढचं मास्तरांनी मला स्वतः सांगितलं. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांची बस कारखान्यासमोरच्या थांब्यावर लागली आणि भाऊजी चढले. हातात लादी ओढायचा आकडा, चपलांना भुसा. हा माणूस कधी बसने जात नाही, घरची गाडी आहे. पण घरात आई, कारखान्यात कामगार. बायकोशी बोलायला मोकळी जागा सापडली ती भरलेल्या बसमध्ये. मास्तर तिकिटं देत देत त्यांच्यापाशी आल्या.

"कुठे?"

"दवाखाना."

"आज?"

"आज नाही. उद्याचं आज मिळतं का?"

"नाही मिळत."

"मग तूच लक्षात ठेव." त्यांनी दांड्याला धरलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत म्हटलं, "तारीख ठरलेली आहे. तू जायचं नाहीस. तुझ्या जागी मी जातो. डॉक्टरांना फोन केलाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मास्तर, सुट्टे!" हे सांगताना मास्तर मला म्हणाल्या, "तेव्हा मला मागे जायलाच हवं होतं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ड्यूटीवर असलं काही चालत नाही." पुढच्या थांब्याला भाऊजी उतरले. तिकीट न काढता. त्याचे पैसे मास्तरांनीच स्वतःच्या पगारातून भरले, आणि हे मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर आम्ही बसलो, जिथे मी आणि मास्तर वर्षानुवर्षं बसत आलो होतो. या वेळी सासूबाईही होत्या. मास्तरांच्या एकाही तपासणीला त्या आल्या नव्हत्या, त्यांना म्हणे दवाखान्याचा वास सोसत नाही. मुलाला आत नेलं आणि त्या मुसमुसायला लागल्या. "किती दुखत असेल गं त्याला. एकटा आहे आत. कुणी धड बोलत तरी असेल का?"

मी काही बोलणार होते. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, जिभेवर रांग लागली होती. मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भूल देतात त्यांना, आई," त्या म्हणाल्या. "दुखत नाही. मला नव्हती दिली."

सासूबाई रडायच्या थांबल्या. त्यांनी समोरच्या पडद्याकडे बघितलं, त्याच पडद्याकडे. मग मान न वळवता, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "दुखलं होतं का गं तुला?"

इतक्या वर्षांत हे त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. पाळी विचारली होती, नळी विचारली होती, तारीख विचारली होती. आणि तेही आज विचारलं, स्वतःचा मुलगा आत गेल्यावर! मला अजून त्याचा संताप येतो.

मास्तर बोलायला गेल्या आणि त्यांचा आवाज फुटेना. दोनदा घसा साफ केला. मग बसमधल्या आवाजात म्हणाल्या, "हो."

बाकावरच्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं.